टिकलीखाली

गेल्या वर्षी गणपती झाले आणि आई व्हिडिओ कॉलवर अर्धीच दिसायला लागली. डोळे दिसायचे, हनुवटी दिसायची, मागचं शिलाई मशीन आणि भिंतीवरचं कॅलेंडर दिसायचं. कपाळ मात्र स्क्रीनच्या बाहेर. "आई, फोन जरा नीट धर ना," म्हटलं की तेवढ्यापुरती पूर्ण दिसायची आणि बोलता बोलता पुन्हा अर्धी. मी फार लक्ष दिलं नाही. आपल्या सगळ्यांचेच आईबाबा व्हिडिओ कॉलवर एक तर नुसतं कपाळ दाखवतात, नाहीतर नुसत्या नाकपुड्या.

दिवाळीला कराडला घरी गेले तेव्हा पहिली नजरेत भरली ती टिकली. आई वर्षानुवर्षं मुगाच्या दाण्याएवढी मरून टिकली लावायची. आता ती रुपयाच्या नाण्याएवढी झाली होती.

"काय गं, एकदम अंबाबाई?" मी म्हटलं.

ती हसली आणि करंज्यांकडे वळली.

रात्री झोपताना तिनं टिकली काढली आणि नेहमीसारखी आरशाला चिकटवली. आमच्या घरातल्या आरशावर कायम पाच-सात टिकल्या असतात. आपण तोंड बघायला गेलो की त्यातली एखादी बरोबर आपल्या कपाळावर येते. लहानपणी मला ती गंमत वाटायची. त्या रात्री आरशात मला आईचं कपाळ दिसलं. भुवयांच्या मधोमध लालसर, खरबरीत, गोल चट्टा. कडेला पापुद्रे सुटलेले, खाजवून दोन ठिकाणी खपली धरलेली. आणि बरोबर मध्ये मसुरीएवढा पांढरा डाग.

"हे कधीपासून?"

"श्रावणापासून असेल."

"मग त्याच्यावर टिकली कशाला लावतेस?"

"झाकायला," आई म्हणाली.

ती कुणाकुणापासून झाकत होती, ते मला पुढच्या चार दिवसांत कळलं. आई घरी ब्लाउज शिवते. फॉल-पिको, साडीचे गोंडे, परकर, सगळं करते. आमच्या गल्लीतल्या आणि मागच्या दोन गल्ल्यांमधल्या बायका तिच्याकडे येतात. त्यातल्या एकीनं चट्टा बघून विचारलं होतं, "हे लागण होणारं नाही ना? नाही, कपडे असतात म्हणून म्हटलं." त्यानंतर ती बाई आली नव्हती. आत्या दिवाळीच्या फराळाला आली तेव्हा तिनं आईला आत बोलावून घेतलं आणि अर्धवट मिटलेल्या दारामागून मला तिचं बोलणं ऐकू आलं: "वहिनी, पोरीचं लग्न व्हायचंय. कोड म्हणतील लोक. एकदा नाव पडलं की संपलं."

कोड स्पर्शानं पसरत नाही, हे शाळेच्या पुस्तकात वाचलेलं मला आठवत होतं. ते मी दार ढकलून सांगायला हवं होतं. पण मी तिथेच उभी राहिले, कारण माझ्याही डोक्यात तोच शब्द रात्रीपासून फिरत होता.

तोवर घरात सगळे उपाय होऊन गेले होते. आजीच्या मते अंगात उष्णता वाढली होती, रक्त बिघडलं होतं. म्हणून वांगं बंद, मसूर बंद, सुकट बंद. कडुनिंबाचा पाला वाटून लावला. हळद लावली. मग बाबांनी मेडिकलमधून एक ट्यूब आणली. दुकानदारानं चट्ट्याचं वर्णन ऐकून दिलेली, तीन-चार औषधं एकत्र असलेली. ती लावली की तीन दिवसांत सगळं शांत व्हायचं. आई खूश होऊन टिकली लावायची. आठ-दहा दिवसांत चट्टा पुन्हा हजर. असं चार वेळा झालं होतं. दर वेळी घरच्यांना वाटायचं, औषध चांगलं आहे, रोगच चिवट आहे.

मी पुण्यात नोकरी करते. नोव्हेंबरात आईला घेऊन आले आणि एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंची वेळ घेतली. तिथं आमच्या आधी नऊ जण होते. दीड तास बसलो. शेजारी एक शेतकरी काका होते. त्यांच्या चेहऱ्याची, मानेची कातडी काळपट आणि जाड झाली होती, पापण्या सुजल्या होत्या. त्यांना गाजरगवताची ॲलर्जी होती. १९५०च्या दशकात पुण्याच्या आसपास या गवताची पहिल्यांदा नोंद झाली. परदेशातून आलेल्या गव्हातून त्याचं बी इथं आलं असं सांगतात. आज बांध, रस्त्याच्या कडा, रिकामे प्लॉट सगळीकडे तेच. ते उपटायलाच लागतं असं नाही. वाळल्यावर त्याचा भुगा हवेत उडतो आणि उघड्या अंगावर बसतो. "शेत सोडा म्हणत्यात," काका म्हणाले, "आन् जाऊ कुठं?"

त्यांच्या पलीकडे एक गवंडी होता. तळहातांना भेगा, बोटं फुगलेली. सिमेंटमध्ये क्रोमियम असतं, त्याची ॲलर्जी. एक सलूनमधला पोरगा होता, माझ्यापेक्षा लहान. केसांच्या काळ्या डायमध्ये पीपीडी नावाचं रसायन असतं, त्यानं त्याची बोटं सोलली होती. मला वाटत होतं की ॲलर्जी म्हणजे नाजूक लोकांचा आजार. शेंगदाणे चालत नाहीत, धूळ चालत नाही, मांजर चालत नाही. इथं बसलेले सगळे आपापल्या कामाच्या वस्तूंनी जखमी झालेले होते.

आमचा नंबर लागला. डॉक्टरांनी चट्टा पाहिला. भिंगातून पाहिला. मग विचारलं, "टिकली कधीपासून लावता?"

"कळायला लागल्यापासून," आई म्हणाली. "तेव्हा कुंकू होतं. लग्नानंतर टिकली."

"आणि हा चट्टा बरोबर टिकलीच्या जागी आहे, हे लक्षात आलं होतं?"

"आलं होतं. पण टिकलीनं कसं होईल? पंचवीस वर्षं लावतेय. काही झालं असतं तर तेव्हाच झालं असतं ना?"

डॉक्टर म्हणाल्या, "पंचवीस वर्षं लावलीत, म्हणूनच झालं असेल."

हे वाक्य आईला पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही. आपल्याला साधा हिशोब माहीत असतो. नवीन साबण आणला आणि खाज सुटली, तर साबण दोषी. काल काय खाल्लं, परवा कुठं गेलो, असंच आपण शोधतो. रोजची वस्तू संशयाच्या यादीत येतच नाही. पण त्वचेचा हिशोब वेगळा असतो. तो मला डॉक्टरांनी थोडा सांगितला, उरलेला मी रात्री जागून वाचला.

आपण दोन-तीन वेगवेगळ्या गोष्टींना एकच नाव देतो. एक असतं अंगावर पित्त उठणं. गांधी उठतात, लाल फुगवटे येतात, काही मिनिटांत सुरू होतं आणि बहुतेक वेळा काही तासांत विरतं. दुसरं असतं निव्वळ जळजळणं. कपड्यांचा सोडा, फिनेल, भांड्यांची पावडर जास्त वेळ हाताला लागली तर कुणाचीही कातडी सोलते. त्यात ॲलर्जीचा काही संबंध नाही. तिसरी गोष्ट म्हणजे आईला झालेली, ॲलर्जीमुळे होणारा काँटॅक्ट डर्मटायटिस, म्हणजे स्पर्शातून होणारा त्वचेचा दाह.

यात होतं असं. काही रसायनांचे रेणू इतके छोटे असतात की ते कातडीच्या वरच्या थरातून आत शिरतात. एकटे असताना त्यांच्याकडे शरीराचं लक्ष जात नाही. पण आतल्या प्रथिनांना ते चिकटले की ती जोडी शरीराला परकी वाटू लागते. त्वचेत लँगरहान्स नावाच्या पेशी असतात. पॉल लँगरहान्स यानं त्या १८६८ मध्ये शोधल्या, तेव्हा तो वैद्यकीय विद्यार्थी होता. या पेशी पहारेकऱ्यासारख्या असतात. त्या ही परकी जोडी उचलून जवळच्या लसिकाग्रंथीत नेतात आणि तिथल्या टी पेशींना दाखवतात. टी पेशी ती ओळख पक्की करून घेतात. या सगळ्याला किमान दहा-पंधरा दिवस लागतात आणि बाहेरून काहीही दिसत नाही. खाज नाही, लाली नाही. नंबर सेव्ह झालेला असतो, एवढंच.

हे पहिल्या महिन्यात घडू शकतं किंवा विसाव्या वर्षी. कधी कातडीला आधीच ओरखडा असतो, कधी घामानं ती मऊ झालेली असते, कधी वस्तू बनवणारा आतलं रसायन बदलतो. आणि एकदा ओळख पटली की ती सहसा आयुष्यभर राहते. पुढच्या वेळी तीच वस्तू लागली की त्या जागी दाह सुरू होतो, पण लगेच नाही. एक-दोन दिवसांनी, कधी तीन दिवसांनी. म्हणून तर गफलत होते. सोमवारी लावलेल्या गोष्टीचा त्रास बुधवारी दिसतो आणि मंगळवारी खाल्लेल्या वांग्यावर आळ येतो.

ॲलर्जी हा शब्दच मुळात १९०६ मध्ये व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञानं तयार केला. ग्रीकमधल्या 'वेगळं' आणि 'कार्य' या दोन शब्दांपासून. एखाद्या गोष्टीशी एकदा गाठ पडल्यावर शरीर तिच्याशी वेगळं वागू लागतं, असा त्याचा अर्थ होता. या अर्थानं वाचलं तर आईच्या कपाळानं काही चूक केली नव्हती, रक्तही बिघडलं नव्हतं. त्यानं फक्त एक गोष्ट लक्षात ठेवली होती.

ती गोष्ट कोणती, हे शोधायला पॅच टेस्ट करतात. ही पद्धत जुनी आहे. १८९५ साली योसेफ याडासोन या जर्मन त्वचारोगतज्ज्ञानं पाऱ्याच्या मलमानं पुरळ उठलेल्या रुग्णांच्या निरोगी कातडीवर तेच मलम लावून बघितलं आणि तिथंही पुरळ उठलं. आजही मूळ कल्पना तीच आहे. संशयित वस्तू पाठीवर लावायच्या आणि वाट बघायची.

"तुमच्या घरातल्या टिकल्या आणा," डॉक्टर म्हणाल्या. "सगळ्या."

आईनं पर्समधून एक प्लास्टिकचा डबा काढला. त्यात अकरा पाकिटं होती. मखमली, खड्यांच्या, चंद्रकोरी, लाल, मरून, काळ्या. मी ती पाकिटं टेबलावर मांडली आणि माझ्या हाताला घाम फुटला. त्यातली निदान आठ मी आणलेली होती. पहिल्या पगारापासून मी दर सणाला आईला पुण्यातून टिकल्या आणते. कराडात ते डिझाइन मिळत नाहीत म्हणून. पाच-दहा रुपयांपासून सुरू होतात, बॅगेत जागा घेत नाहीत आणि ती खूश होते. एकाही पाकिटावर मागचा गोंद कशाचा आहे हे लिहिलेलं नव्हतं. "न्यू फॅशन" एवढं मात्र प्रत्येकावर होतं.

सोमवारी सकाळी आईच्या पाठीवर पॅच लावले. नखाएवढ्या चकत्यांमध्ये वेगवेगळी रसायनं: निकेल, क्रोमियम, पीपीडी, सुगंधी द्रव्यं, रबरातली रसायनं, गाजरगवत, निओमायसिन. हे शेवटचं बऱ्याच मलमांत असणारं अँटिबायोटिक आहे आणि त्याचीही ॲलर्जी होते. एका चकतीत नुसतं व्हॅसलीन, तुलनेसाठी. त्याशिवाय टिकल्यांच्या गोंदात वापरलं जाणारं एक रेझिन आणि आईच्या डब्यातल्या दोन टिकल्या, आहेत तशा. शेजारी मार्करनं आकडे लिहिले. दोन दिवस पाठ भिजवायची नाही, घाम येऊ द्यायचा नाही, खाजवायचं नाही.

ते दोन दिवस आई माझ्या रूमवर होती. माझ्यासोबत आणखी दोघी राहतात. आईनं त्यांच्यासाठी थालीपीठ लावलं, माझ्या तीन कुर्त्यांच्या उसवलेल्या शिवणी हातानं घातल्या आणि आठ वेळा विचारलं, "आता आंघोळ केली तर?" मंगळवारी रात्री ती म्हणाली, "पाठीवर एका ठिकाणी चावतंय." मी टॉर्च लावून बघितलं. आईची पाठ मी इतक्या जवळून किती वर्षांनी बघत होते कोण जाणे. खांद्यांवर ब्लाउजच्या शिवणीचे वळ होते, मशीनवर वाकून वाकून मानेखाली आलेला उंचवटा होता. पट्ट्यांखालचं काही दिसत नव्हतं. मी लाइट बंद केला.

बुधवारी पट्ट्या काढल्या. शुक्रवारी पुन्हा बघितलं, कारण काही रसायनं उशिरा बोलतात. निकेल शांत. निओमायसिन शांत. व्हॅसलीन शांत. रेझिनच्या जागी लाल, फुगलेला, बारीक फोडांचा गोल. दोनपैकी एका टिकलीच्या जागी तसाच दुसरा गोल, टिकलीच्या मापाचा. पाठीच्या मधोमध, जिथं कुणी कधी टिकली लावत नाही, तिथं लाल टिकली उमटली होती.

रेझिनचं नाव लांबलचक आहे: पॅरा टर्शरी ब्यूटिलफिनॉल फॉर्माल्डिहाइड. चिकटवायला उत्तम म्हणून ते टिकल्यांच्या गोंदात असतं, चपलांच्या आणि घड्याळाच्या चामडी पट्ट्यांच्या गोंदातही असतं. चपलेचं नाव ऐकताच आई म्हणाली, "अगं, दोन वर्षांपूर्वी माझे पाय नव्हते का चट्ट्यांनी भरले? त्या तपकिरी चपलेनं?" मला आठवलं. आम्ही सगळ्यांनी तेव्हा ते चिखल्या समजून सोडून दिलं होतं. चप्पल तुटली आणि पायही बरे झाले. ओळख पायाला आधी झाली की कपाळाला, ते आता सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. पण एकदा टी पेशी शिकल्या की त्या सगळ्या अंगभर फिरतात. पायानं शिकलेलं कपाळाला माहीत होतं.

पांढऱ्या डागाचं कारणही तिथंच होतं. या रेझिनमधल्या पॅरा टर्शरी ब्यूटिलफिनॉलची रचना टायरोसिनसारखी असते. टायरोसिनपासून आपल्या कातडीचा रंग बनतो. रंग बनवणाऱ्या पेशी फसतात, हे रसायन आत घेतात आणि त्यातच काही मरतात. म्हणजे तो डाग बाहेरून आला होता, टिकलीच्या मागच्या बाजूनं. रंग परत येईल का? "येऊ शकतो, काही महिने लागतील. पूर्ण येईलच असं नाही," डॉक्टर म्हणाल्या. मेडिकलवाल्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं. त्यानं दाह दाबला जात होता, म्हणून तात्पुरतं बरं वाटायचं. कारण मात्र रोज सकाळी नव्यानं चिकटवलं जात होतं आणि असं महिनोन्‌महिने वापरल्यावर स्टेरॉइड कातडी पातळ करतं ते वेगळंच.

एक मलम लिहून दिलं, ठरावीक दिवसांसाठी. खरं औषध एका शब्दाचं होतं: बंद. टिकली बंद. निदान तीन महिने कपाळावर काहीच नको, कुंकूसुद्धा नको, कारण बाजारातल्या बऱ्याच कुंकवांत कृत्रिम रंग आणि वास असतात आणि दुखावलेली कातडी त्यांनाही लगेच शिकून घेईल.

मला हायसं वाटलं. इतकं सोपं! ऑपरेशन नाही, गोळ्या नाहीत. मी आईकडे बघितलं. ती डबा पर्समध्ये परत भरत होती, पाकिटं एकावर एक नीट लावून.

स्वारगेटला एसटीची वाट बघताना ती म्हणाली, "आणि लोकांना काय सांगू?"

वेटिंग रूममधले तिघं मला तेव्हा आठवले. गवंड्याला सांगणार सिमेंट टाळ, पोराला डाय टाळ, काकांना वारा टाळ. या आजारावरचा उपाय जितका सोपा ऐकू येतो, तितका तो माणसावर ढकललेला असतो. तसं असायलाच हवं असं नाही. डेन्मार्कनं १९८३ मध्ये सिमेंटमधल्या क्रोमियमवर कायद्यानं मर्यादा घातली; त्यासाठी सिमेंटमध्ये फेरस सल्फेट मिसळतात. त्यानं घातक क्रोमियमचं कमी घातक रूपात रूपांतर होतं. २००५ पासून युरोपीय संघानंही सिमेंटमधल्या या क्रोमियमवर मर्यादा घातली. तिथल्या गवंड्याला सिमेंट टाळावं लागत नाही, सिमेंटच बदललं गेलं. आमच्या डब्यातल्या अकरा पाकिटांवर गोंदाचं नाव छापलेलं असतं, तरी माझी आई श्रावणातच सुटली असती.

जानेवारीत संक्रांतीला मी घरी गेले. कपाळावरची लाली पूर्ण गेली होती, कातडी मऊ झाली होती, मधला डाग तसाच होता. गल्लीत हळदीकुंकवं सुरू झाली होती. आई म्हणाली, मी नाही जात. मी म्हटलं, मी येते सोबत. शेवटी समोरच्या घरी गेलो. बायका ओळीनं बसल्या होत्या. घरची सून करंडा घेऊन एकेकीसमोर वाकत होती. आईसमोर आली, बोट कुंकवात बुडवलं आणि थांबली. तिचं बोट हवेत, सगळ्यांची नजर आईच्या कपाळावर.

"मंगळसूत्राला लाव," आई म्हणाली. "कपाळाला गोंदाची ॲलर्जी आहे. डॉक्टरनी सांगितलंय."

तिनं लावलं. वाण दिलं, तिळगूळ दिला. सगळं रीतसर झालं. निघताना एका काकूंनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "बाबा बरे आहेत ना गं तुझे?" बाबा त्या वेळी घरी पायजम्यात बसून क्रिकेट बघत होते.

घरी आल्यावर मी हे हसत हसत सांगितलं. बाबाही हसले. आई हसली नाही. ती म्हणाली, "एका टिकलीसाठी माणूस जिवंत आहे की नाही इथंवर जातात लोक. नको वाटतं मला बाहेर जायला."

आजी कोपऱ्यात वाती वळत बसली होती. आजोबा जाऊन चौदा वर्षं झाली. तिच्या कपाळावर कुंकू नाही, पण लहानपणी गोंदलेला हिरवा ठिपका आहे. दिवाळीत आईला "रिकामं कपाळ बरं दिसत नाही" म्हणणारी तीच होती. वातीवरची नजर न काढता ती म्हणाली, "तुझं दोन महिनं रिकामं हाय, तर गल्ली इचाराय लागली. माझं चौदा वर्सं रिकामं हाय. मला कुनी इचारलं न्हाई."

कुणीच काही बोललं नाही. थोड्या वेळानं तिनं अंगठ्यानं तो हिरवा ठिपका चोळला. "ह्यो तेवढा ऱ्हायला. पुसता येत न्हाई म्हनून."

आमच्यापासून दोन-अडीच तासांवर हेरवाड आहे, शिरोळ तालुक्यात. तिथल्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढून घेणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर गावांनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. ती बातमी मी तेव्हा स्टेटसला ठेवली होती. आमच्याच घरात बारा वर्षं कोपऱ्यात बसलेल्या बाईला मात्र हळदीकुंकवाला येतेस का, असं मी कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आई पुढच्या हळदीकुंकवाला गेली. आजीला घेऊन. आजी आधी नको नको म्हणाली, मग नवं लुगडं नेसली. तिथं काय झालं ते दोघींनी मला सांगितलं नाही. आजीच्या हातात वाणाची स्टीलची वाटी होती, ती तिनं कुणाला वापरायला दिलेली नाही.

मार्चमध्ये आईनं स्वतःच प्रयोग सुरू केला. डॉक्टरांनी शिकवलेला: कोपराच्या आतल्या बाजूला रोज दोनदा कुंकवाचा ठिपका, आठ-दहा दिवस, एकाच जागी. खाज आली तर ते कुंकू बाद. दुकानातल्या पहिल्या कुंकवानं पाचव्या दिवशी लाली आणली. दुसरं एका बाईंनी हळद आणि चुन्यापासून घरी केलेलं होतं, ते टिकलं. हळदीचीही ॲलर्जी असू शकते, हे डॉक्टरांनी बजावलं होतं. आईला नव्हती. आता सणावाराला ती ते लावते, एरवी कपाळ मोकळं. डाग तांदळाच्या दाण्याएवढा उरलाय. तेवढा राहील असं वाटतं. आत्या अजून त्याच्याकडे बघून उसासा टाकते. ते तिचं ती बघेल.

आरशावर जुन्या टिकल्या तशाच आहेत. आईनं त्या काढल्या नाहीत.

परवा व्हिडिओ कॉल केला तेव्हा तिच्यासमोर शेजारची अकरावीतली पोरगी बसली होती. ब्लाउजचं माप द्यायला आलेली. कानाची पाळी लाल, चिघळलेली. आई फोन मशीनला टेकवून तिची उलटतपासणी घेत होती. नवे कानातले घेतलेस का? नाही काकू, जुनेच आहेत, वर्ष झालं. जुने म्हणजे रोजचे? हो. सोन्याचे की खोटे?

"पण काकू, वर्षभर काही झालं नाही," ती म्हणाली.

"ते मला सांगू नकोस," आई म्हणाली. "काढ आधी."